शाळेच्या वेळापत्रकात उद्योजकता कशी बसवायची: खानदेशातल्या शिक्षकांसाठी

जानेवारी आला की शाळाशाळांतून आनंद बाजार भरतो. पटांगणात बाकं मांडली जातात, आया पहाटे उठून केलेले पदार्थ डब्यांत भरून पाठवतात, पाहुणे फीत कापतात, गुरुजी-बाई प्रत्येक स्टॉलवर थोडं थोडं घेतात आणि दुपारी एकपर्यंत सगळं आटोपतं. मुलगा घरी जाऊन सांगतो, "दोनशे रुपये कमावले." बेसन, तेल, गॅस घरातला, मेहनत आईची, गिऱ्हाईक ओळखीचं. ते दोनशे रुपये विक्रीचे होते की नफ्याचे, हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

पहिल्या वर्षी मीही हेच केलं. फोटो छान आले. पुढच्या आठवड्यात वर्गात विचारलं की एका वड्याला खर्च किती आला, तर तीस मुलांपैकी एकालाही सांगता आलं नाही. त्यानंतर क्रम बदलत बदलत जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे. सहावी ते आठवी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. नववी-दहावीला क्रम हाच, हिशोब थोडा जड करायचा.

## 1. नवा विषय मागू नका, आहे त्या तासिका शोधा

"उद्योजकतेसाठी वेगळी तासिका द्या" असं म्हटलं की मुख्याध्यापक वेळापत्रकाकडे बोट दाखवतात, आणि त्यांचं बरोबर असतं. तासिका आधीपासूनच आहेत. कार्यानुभवाची आहे, शनिवारची सकाळची शाळा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीदरम्यान दहा दिवसांचा दप्तरमुक्त काळ सांगितला आहे, तोही स्थानिक कारागिरांसोबत काम करण्यासाठी. त्यातले दोन दिवस बाजारासाठी बाजूला काढा.

मग पाठ्यपुस्तकं उघडून बसा. सहावीच्या गणितात शेकडेवारी आणि नफा-तोटा आहे, आठवीत सूट व कमिशन, नववी-दहावीत अर्थनियोजन. मराठीच्या उपयोजित लेखनात जाहिरात आणि मागणीपत्र आहे. हे घटक ज्या आठवड्यात शिकवायचे, त्याच आठवड्यात उपक्रमाची ती पायरी यायला हवी. नफा-तोट्याचा धडा ऑगस्टमध्ये आणि विक्री जानेवारीत असली, तर मुलांच्या डोक्यात दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत जाऊन बसतात.

तपासा: वर्षाच्या नियोजनात किमान 16 तासिका नावानिशी लिहिल्या आहेत का? "वेळ मिळेल तसं" असं लिहिलं असेल तर वेळ मिळणार नाही.

## 2. ठराव आधी, उत्साह नंतर

शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. विषय त्यांच्यासमोर ठेवा आणि लेखी ठराव घ्या. बैठकीत एक प्रश्न हमखास येतो: "पोरगं शिकायला पाठवलं का धंद्याला?" त्याचं उत्तर तयार ठेवा. काम शाळेच्या वेळेत होईल, पैसा गटाच्या वहीत राहील, बाहेरच्या कोणत्याही दुकानदारासाठी किंवा कंपनीसाठी मूल काम करणार नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे "आमच्या दुकानात चार पोरं पाठवा, शिकतील" म्हणणाऱ्या हितचिंतकाला तिथेच नम्रपणे नाही म्हणा.

सावध: कामं वाटताना घरचा धंदा पाहू नका. कुंभाराच्या पोराला माती, शिंप्याच्या पोरीला सुई, मुलींना पदार्थ आणि मुलांना गल्ला, ही वाटणी आपल्या हातून नकळत होते. मी स्वतः ती केली आहे. आता चिठ्ठ्या टाकतो आणि फेरी (माल करून विकण्याची एक खेप) बदलली की कामंही बदलतो.

## 3. तारखा शेताकडे आणि सणांकडे बघून ठरवा

बहुतेक उपक्रम इथेच फसतात. पुण्या-मुंबईकडून आलेली वार्षिक योजना जशीच्या तशी आपल्याकडे लावली, तर ऐन फेरीच्या वेळी निम्मा वर्ग गैरहजर असतो.

आपलं वर्ष असं चालतं. जून-जुलैत पेरणीची धांदल, पालकांना बोलायला फुरसत नाही. हा काळ वर्गातल्या तयारीचा. श्रावणात कानबाईच्या सणाला बाहेरगावी गेलेले भाऊबंद गावात परततात, घराघरांत माणसं असतात. पोळ्याच्या आसपास नवा मूग, उडीद बाजारात यायला लागतो. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून मुलींचा गुलाबाईचा सण, त्यामुळे मुली संध्याकाळी हमखास एकत्र सापडतात. दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात येते आणि मोठी मुलं शेतात दिसतात. चाळीसगाव, धुळे, नंदुरबारकडची ऊसतोडीला जाणारी कुटुंबं याच सुमारास गाव सोडतात. सातपुड्याच्या पायथ्याशी होळीच्या आधी भोंगऱ्या हा आदिवासींचा बाजार आणि मग मोहाचा हंगाम. मार्चपासून ऊन असं तापतं की सकाळी केलेला पदार्थ दुपारी आंबतो. अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया येईपर्यंत वर्ष संपलेलं असतं.

म्हणून मी तीन फेऱ्या अशा ठेवतो: पहिली पोळ्याच्या आसपास, दुसरी गणपती उठल्यावर पण सत्र परीक्षेच्या आधी, तिसरी संक्रांतीनंतर. पहिल्या दोन दिवाळीच्या आत झाल्याच पाहिजेत. ज्या मुलाला नोव्हेंबरात आई-बापाबरोबर उसाच्या फडावर जावं लागणार, त्याच्या पदरात निदान दोन फेऱ्या तरी पडतात. शहरातल्या शाळांना, म्हणजे जळगाव, धुळे, भुसावळला वेचणीची अडचण नाही, पण मार्चचं ऊन त्यांनाही चुकत नाही.

## 4. वस्तू ठरवण्याआधी आठवडे बाजार फिरा

"आपण काय विकायचं?" हा प्रश्न वर्गात पहिल्या दिवशी टाकलात तर उत्तरं ठरलेली: वडापाव, भेळ, पाणीपुरी. आधी बाजार दाखवा. पाच-पाच मुलांचे गट करा, प्रत्येक गटाला तीन विक्रेते द्या आणि विचारायला चार प्रश्न:

- माल कुठून आणता?
- आणायला भाडं किती लागलं?
- सकाळचा भाव आणि संध्याकाळचा भाव किती?
- उरलेल्या मालाचं काय करता?

चौथ्या प्रश्नात सगळी शाळा भरलेली आहे. कोथिंबीरवाली सांगते की चार वाजता जुडी निम्म्या भावात देते. केळीवाला सांगतो की काळे पडलेले डझन घरी नेतो. कपडेवाला हसून म्हणतो, "माझं काय नासतंय?" नाशवंत आणि टिकाऊ मालातला फरक मुलं त्या एका वाक्यात शिकतात, फळ्यावर लिहावा लागत नाही.

मुलांना बोलू द्या, आणि घरच्या बोलीत बोलू द्या. "मावशी, भाव काय शे?" असं विचारणाऱ्या पोराला मावशी जेवढं सांगते, तेवढं "आपण वस्तूची किंमत कशी ठरवता?" विचारणाऱ्याला सांगत नाही. वहीत नोंद मात्र प्रमाण मराठीत करायला लावा, भाषेचा तासही त्यात निघतो.

सावध: भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री व्हायच्या आधी कोणत्याही पालापुढे प्रश्न घेऊन उभं राहायचं नाही. ऐन गर्दीतही नाही. बाजार मांडून झाल्यावर किंवा दुपारी चारनंतर जावं, आणि प्रत्येक गटाने निदान दहा रुपयांची मेथी तरी विकत घ्यावी. फुकट वेळ मागणंही उधारीच असते.

परत आल्यावर प्रश्न असा विचारा: आपल्या गावात लोकांना काय मिळत नाही, किंवा कशासाठी लांब जावं लागतं? आमच्याकडे यातून भरताच्या वांग्याची रोपं निघाली (परसात चार रोपं लावायला कोणी नर्सरीपर्यंत जात नाही), कागदी पिशव्या निघाल्या, आणि मोड आलेला मूग निघाला. केळीच्या रावेर-यावलकडच्या शाळेत वेगळं निघेल, नंदुरबारच्या मिरचीच्या पट्ट्यात आणखी वेगळं.

वस्तू निवडताना तीन अटी ठेवा: उकळतं तेल लागू नये, मुलांना स्वतः करता यावी आणि तीन आठवड्यांत पैसा परत यावा. केळीचे वेफर्स पहिल्या अटीत बाद होतात. बिबडे (ज्वारीचे पापड) आणि कुरडया दुसऱ्या अटीत, कारण चीक शेवटी आईच घाटते. वांग्याच्या रोपांना लावणीजोगं व्हायला चार-पाच आठवडे लागतात, म्हणजे तिसरी अट मोडते. तरी ती मी चालवतो. पेरणी जुलैतच करून टाकायची, म्हणजे पोळ्यापर्यंत रोप हाती येतं.

## 5. भांडवल थोडं, उसनं आणि लेखी

एका गटाला 300 रुपयांपेक्षा जास्त देऊ नका. पैसे पालकांकडून मागवू नका. मागवले की ज्याच्या घरी पैसे आहेत तो गटाचा शेठ होतो आणि बाकीचे हमाल. समितीच्या ठरावातून किंवा लोकवर्गणीतून एक छोटा निधी उभा करा आणि तो उसना म्हणून द्या, बक्षीस म्हणून नव्हे. गटाने मागणीपत्र लिहायचं, सही करून पैसे घ्यायचे, विक्रीनंतर आधी मुद्दल परत करायचं. फेडता आलं नाही तर पुढच्या फेरीतून फेडायचं. वर्षअखेर उरलं तर निधीने सोसायचं, मुलाच्या घरी निरोप जाता कामा नये.

रोकड एका मुलाकडे आणि वही दुसऱ्याकडे. रोज सुटीआधी दोघांनी ताळा करायचा.

सावध: शिक्षकाच्या स्वतःच्या मोबाइलचा क्यूआर कोड स्टॉलवर लावू नका. सोय वाटते, पण संध्याकाळी तुमच्या खात्यात घरचे पैसे, वर्गाचे पैसे आणि भिशीचे पैसे एकत्र झालेले असतात, आणि मुलांना दाखवायला काहीच उरत नाही. शिवाय उद्या कोणी बोट दाखवलं तर उत्तर देता येत नाही. मुलांच्या फेरीत रोखच बरी, चिल्लर मोजण्याचा सराव होतो तो वेगळाच.

## 6. खर्च काढणे: इथे घाई करू नका

या पायरीला मी सलग चार तासिका देतो. एका गटाचा मोड आलेल्या मुगाचा हिशोब नमुन्यादाखल देतो. भाव तुमच्या गावचे घाला.

मूग 2 किलो, 100 रुपये किलोने: 200 रुपये. पुड्यांचा कागद आणि दोरा: 20 रुपये. सुती फडकं 30 रुपयांचं, पण ते तीन फेऱ्या चालेल, म्हणून या फेरीवर 10 रुपये. एकूण 230.

दोन किलो मुगाला मोड आल्यावर वजन साधारण चार किलो भरतं. ते मुलांकडून काट्यावर मोजून घ्या, सांगू नका. 200 ग्रॅमच्या पुड्या केल्या तर 20 होतात. एका पुडीचा खर्च किती? सगळी मुलं 230 ला 20 ने भागतात आणि साडेअकरा रुपये सांगतात. थांबा म्हणा. दोन पुड्या उरल्या, आंबल्या, टाकून दिल्या. विकल्या गेल्या 18. आता भागा: पावणेतेरा रुपयांच्या वर जातं. उरलेल्या मालाचा खर्च विकलेल्या मालाने भरायचा असतो. कोथिंबीरवालीने हेच सांगितलं होतं.

पुडी 20 रुपयांना दिली. 18 पुड्यांचे 360 आले. 360 वजा 230, राहिले 130. वर्गात टाळ्या पडतात. त्या पडू द्या आणि मग विचारा, "मजुरी?"

पाच जणांनी मिळून आठ तास काम केलं: मूग निवडणं, भिजवणं, उपसणं, पुड्या बांधणं, घरोघर फिरणं. तासाला 20 रुपये जरी धरले तरी 160 झाले. 130 रुपये नफा गेला, 30 रुपये तोटा आला. वर्ग एकदम शांत होतो. ही शांतता मला टाळ्यांपेक्षा मोलाची वाटते. कापूस वेचणीचा दर या मुलांना तोंडपाठ असतो, पण स्वतःच्या हाताला दर असतो हे त्यांना पहिल्यांदा त्या दिवशी दिसतं. एका मुलीने मला विचारलं होतं, "सर, मग बापाच्या शेतात आई राबते ते कुठे लिहायचं?" त्या प्रश्नाला एक अख्खी तासिका दिली, आणि अजूनही ती पुरली असं वाटत नाही.

नेहमीच्या चुका:

- घरून आणलेली वस्तू फुकट धरणे. साखर आईच्या डब्यातली असली तरी दुकानाच्या भावाने लिहा.
- चाखलेला माल न लिहिणे. गटातल्या पाच जणांनी खाल्लेलं गटानेच विकत घेतलेलं असतं.
- शेजारच्या स्टॉलचा भाव बघून आपला भाव ठरवणे आणि खर्च नंतर काढणे.
- विक्रीला नफा म्हणणे. हा शब्द चुकला की त्याच क्षणी दुरुस्त करा, फळ्यावरच्या शुद्धलेखनासारखा.

तपासा: वही झाकून गटातल्या सर्वांत अबोल मुलाला विचारा, "एका पुडीला खर्च किती?" त्याला सांगता आलं तरच पुढची पायरी.

## 7. करणे आणि विकणे

खाण्याची वस्तू असेल तर हात, पाणी आणि भांडी यांची जबाबदारी एका मुलावर नावानिशी टाका. मूग शुद्ध पाण्यात भिजवा, पाणी दोनदा बदला, फडकं प्रत्येक वेळी उकळत्या पाण्यातून काढून वाळवा (हे उकळतं पाणी मोठ्या माणसाच्या हातून). मोड आले त्याच दिवशी विका आणि पुडीवर तारीख लिहा, खाली "शिजवून खा" अशी ओळही असू द्या. जानेवारीच्या थंडीत मोड यायला एक दिवस जास्त लागतो, तो नियोजनात धरा. विक्री शाळेच्या आवारापुरती आणि पालकांच्या घरांपुरती ठेवलेली बरी. नियमित बाहेर विकायचं ठरलं तर अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 खाली नोंदणी लागते, आणि शाळेने त्या फंदात पडू नये असं माझं मत आहे. पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरू नका, आपल्या राज्यात त्यांच्यावर बंदी आहे आणि कागदी पिशव्यांचा एक गट वर्गातच बसलेला असतो.

विक्रीचा एकच नियम: शिक्षकांनी पहिल्या तासात काहीही घ्यायचं नाही. दयेने घेतलेली पुडी हिशोब बिघडवते. मुलांना "नको" ऐकू द्या. पाच घरं फिरून दोन पुड्या गेल्या, तर नाही म्हणणाऱ्या तीन घरांनी काय कारण दिलं ते वहीत लिहायचं.

## 8. दुसरी फेरी सोडू नका

आनंद बाजार आणि शिक्षण यांत फरक पडतो तो इथे. पहिल्या फेरीनंतर आठवडाभरात हिशोबाची बैठक घ्या. प्रत्येक गट उभा राहून तीन आकडे सांगतो: खर्च, विक्री, उरलेला माल. भाषण नको. मग गटाने पुढच्या फेरीसाठी एकच किंवा फार तर दोन बदल ठरवायचे. चार-पाच बदल एकदम केले तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

मुगाच्या गटाने ठरवलं की आदल्या दिवशी घरोघर नोंद घ्यायची आणि तेवढ्याच पुड्या करायच्या. दोन किलोचं काम तेच, खर्च तोच 230. पण वीसच्या वीस पुड्या नोंदलेल्या, म्हणून 400 रुपये आले. फिरणं कमी झाल्याने आठ तासांचं काम सहा तासांत झालं, मजुरी 120. शेवटी 50 रुपये उरले. रक्कम लहान आहे, पण ती कुठून आली ते त्या पाचही जणांना सांगता येत होतं.

सावध: दुसऱ्या फेरीला वस्तू बदलायची परवानगी देऊ नका. "मूग नको, आता भेळ करू" असं गट म्हणणारच. पडलेलं पीक सोडून दुसऱ्या बांधावर पळण्याची ही सवय मोडायची असेल, तर वस्तू तीच ठेवून पद्धत बदलायला लावा. तिसऱ्या फेरीत खुशाल बदलू द्या.

## 9. गुण कशाला द्यायचे

नफ्याला गुण देऊ नका. दिलेत तर दुसऱ्याच वर्षी घरून तयार माल येऊ लागतो आणि काका-मामा गिऱ्हाईक होतात. आकारिक मूल्यमापनात मी चार गोष्टी बघतो: वही रोज भरली का, खर्चात मजुरी आणि वाया गेलेला माल धरला का, मुद्दल परत केलं किंवा न करण्याचं कारण नीट लिहिलं का, आणि दुसऱ्या फेरीतला बदल पहिल्या फेरीच्या आकड्यांवरून निघाला का. तोट्यात गेलेल्या गटाला पूर्ण गुण मिळू शकतात, हे पहिल्या दिवशीच जाहीर करा. नाहीतर वहीत आकडे शिजतात. आठवीतली पोरं ते फार सफाईने करतात.

मुद्दल फेडून जे उरेल त्याचं काय करायचं, ते फेरीच्या आधी वर्गाने ठरवावं. आमच्याकडे निम्मं निधीत जातं आणि निम्मं गट वाटून घेतो, आठ-दहा रुपये का असेनात. सगळं शाळेला देऊन टाकायला लावलं तर पुढच्या वेळी कोणी जीव तोडून करत नाही.

वर्ष संपलं की सगळ्या वह्या एका दोरीने बांधून कार्यानुभवाच्या कपाटात ठेवा आणि वर एक कागद लावा: कोणत्या महिन्यात काय चाललं, काय आंबलं, कोणत्या विक्रेत्याने नीट माहिती दिली. बदलीची ऑर्डर कधी येईल सांगता येत नाही. तुमच्या जागी येणाऱ्या शिक्षकाला जूनमध्ये तो गठ्ठा आयता सापडला, तर त्याची पहिली फेरी तुमच्या दुसऱ्या फेरीपासून सुरू होते.